सव्वासातची गोळी

पार्किन्सन असलेल्या माणसाच्या घरी पाहुणे येतात ते फळं घेऊन येत नाहीत, औषधं घेऊन येतात. आमच्याकडे आजवर ब्राह्मीचं तेल आलं, तांब्याचं कडं आलं, कुठल्याशा डोंगरावरच्या बाबांचा अंगारा आला, आणि सगळ्यांत जास्त वेळा आलं ते कवचबीजाचं चूर्ण. मागे एकदा माझे चुलत दीर गावाहून आले ते पिशवीभर चूर्ण घेऊनच. चहा व्हायच्या आत त्यांनी पिशवी अण्णांपुढे ठेवली. "अण्णा, यात नैसर्गिक डोपा आहे. तुमच्या गोळीत असतं ना, तेच. आपल्या लोकांना हजारो वर्षांपासून ठाऊक होतं. त्या गोळ्या बंद करा आणि हे सुरू करा."

अण्णा म्हणजे माझे सासरे. उभी हयात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून गेली. त्यांनी पिशवी नाकाशी नेली. खरं तर वास त्यांना येत नाही. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी तो गेला होता आणि तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याचं खापर सर्दीवर फोडलं होतं. मग विचारलं, "किती घ्यायचं?"

"घ्या की चमचाभर."

"कुठला चमचा? चहाचा की पोह्याचा?"

दीर हसले. विषय गावच्या पाणीयोजनेकडे वळला. पिशवी मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली.

दिरांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला जास्त खटकलं. निव्वळ थाप असती तर सोडून देता आली असती. कोकणात ज्याचं बालपण गेलं त्याला खाजकुइली सांगावी लागत नाही. कुंपणावर चढणारा वेल, जांभळ्या फुलांचे घोस, आणि इंग्रजी एसच्या वळणाच्या शेंगा. त्या शेंगांवरची सोनेरी लव कातडीला लागली की माणूस नाचायला लागतो. शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर ती टाकण्याचे पराक्रम प्रत्येक गावात कुणी ना कुणी केलेले असतात. तिच्या आतलं काळपट, गुळगुळीत बी म्हणजे कवचबीज. संस्कृतात कपिकच्छू, आत्मगुप्ता. वैद्यांनी ते बल्य म्हणून, वाजीकर म्हणून आणि वातविकारांत वापरलं. १९३७ साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी या दोघा संशोधकांनी या बियांतून एल-डोपा हा पदार्थ शुद्ध रूपात वेगळा काढला. बियांत त्याचं प्रमाण साधारण तीन ते सहा टक्के निघतं, वनस्पतीच्या मानानं हे अफाटच. म्हणजे औषध आपल्या कुंपणावर होतं हे शंभर टक्के खरं.

पण १९३७ साली त्या बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीचं काय करायचं हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. त्याआधी, १९१३ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला मार्कुस गुगेनहाइम नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं हेच द्रव्य घेवड्याच्या जातीच्या एका कडधान्यातून काढलं होतं. त्यानं काय करावं? अडीच ग्रॅम स्वतःच गिळलं. भडाभडा उलट्या झाल्या. या पलीकडे पदार्थाचा काही उपयोग दिसत नाही असं ठरलं आणि पुढची चाळीसेक वर्षं एल-डोपा कपाटात पडून राहिलं. त्या उलट्या पुढे फार महत्त्वाच्या ठरल्या, पण ते नंतर.

आजार तर जुनाच. लंडनच्या जेम्स पार्किन्सननं १८१७ साली 'थरथरत्या पक्षाघाता'वर छोटं पुस्तक लिहिलं, त्यात सहाच माणसांचं वर्णन होतं. त्यांतली काही त्याला रस्त्यात दिसलेली. दवाखान्यात तपासलेली नव्हेत, येता-जाता पाहिलेली. पुढे झुकलेलं अंग, चालता चालता धावू लागणारी पावलं, विश्रांतीतही हलणारा हात, हे सगळं त्यानं नुसत्या नजरेनं टिपलं. मला या माणसाबद्दल नेहमी वाटतं, की हा आमच्या चौकात उभा राहिला असता तर अण्णांना त्यानं आमच्या आधी ओळखलं असतं. आम्ही घरचे लोक 'हल्ली फार शांत झालेत', 'चेहऱ्यावर हसू म्हणून नाही', 'कुणावर रागावलेत का' यातच अडकून पडलो होतो. अण्णा कुणावर रागावलेले नव्हते. चेहऱ्याचे स्नायू त्यांचं ऐकत नव्हते.

आजाराचं मूळ मेंदूत नेमकं कुठे, हे कळायला आणखी शंभर वर्षं गेली. मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना काळपट पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा त्याचं नाव. १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेतिआकॉफ या तरुण डॉक्टरनं आपल्या प्रबंधात दाखवलं की पार्किन्सनच्या रुग्णांत या पट्ट्यातल्या पेशी मेलेल्या असतात, पट्टा फिका पडलेला असतो. जागा सापडली. पण त्या पेशी करत काय होत्या, म्हणजेच गेल्यामुळे नेमकं काय गेलं, हे अंधारातच.

हा अंधार दूर झाला तो एका दुसऱ्याच झुडपामुळे. आणि त्याची वाट मुंबईवरून जाते. दिरांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना.

ते झुडूप म्हणजे सर्पगंधा. बिहार-बंगालकडे तिची मुळी वेडावरची मुळी म्हणून गावोगाव ठाऊक होती. १९३१ साली कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी माथं शांत करते आणि रक्तदाबही उतरवते. पण जगानं दखल घेतली ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. वकिलांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, आधीचे आकडे लिहिले, नंतरचे लिहिले, आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ते छापून आणले. त्यांच्याआधी ही मुळी देणारे वैद्य-डॉक्टर देशात पुष्कळ होते. वकिलांनी काय केलं, तर मापं घेतली आणि ती चारचौघांपुढे मांडली. तीन वर्षांत, १९५२ मध्ये, बाझेलच्या सिबा कंपनीनं मुळीतलं रिसर्पिन वेगळं काढलं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईत आज किती जणांना हे नाव माहीत आहे, देव जाणे.

रिसर्पिन जगभर वाटलं जाऊ लागलं आणि एक विचित्र गोष्ट दिसू लागली. रक्तदाबासाठी किंवा मानसिक आजारासाठी ते घेणारे काही रुग्ण हळू चालू लागले, ताठरले, त्यांचे हात थरथरू लागले. औषध बंद केलं की पूर्ववत. म्हणजे पार्किन्सनची हुबेहूब नक्कल, आणि तीही हवी तेव्हा आणता येणारी, हवी तेव्हा घालवता येणारी. शास्त्रज्ञाला याहून मोठं घबाड काय हवं!

(जाता जाता एक. औषधामुळे येणारा कंप आजही भरपूर दिसतो. चक्कर येते म्हणून लिहून दिलेल्या सिनारिझिन, फ्लुनारिझिनसारख्या गोळ्या काही वयस्क मंडळी वर्षानुवर्षं दुकानातून परस्पर आणून घेत राहतात. हात थरथरायला लागला की आधी घरातला औषधांचा डबा डॉक्टरांपुढे रिकामा करावा.)

स्वीडनमधल्या लुंड शहरात आर्विद कार्लसन यानं १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन टोचलं. ससे जागच्या जागी थिजले, कान पडले, हलेनात. तोवर समज अशी होती की रिसर्पिन मेंदूतलं नॉरॲड्रिनॅलिन हे निरोप पोचवणारं रसायन संपवतं, म्हणून असं होतं. कार्लसननं सशांना डोपा टोचलं. पंधरा-वीस मिनिटांत कान वर झाले, ससे हिंडू लागले. मेंदू तपासले तर नॉरॲड्रिनॅलिन मुळीच भरून आलेलं नव्हतं. वाढलेलं होतं ते डोपामिन. ज्याला तोवर कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, दुसरं काही तयार होताना मध्ये लागणारा टप्पा एवढीच ज्याची किंमत होती, ते डोपामिन स्वतःच मेंदूचा निरोप्या आहे असं कार्लसन म्हणू लागला. लंडनच्या एका परिषदेत १९६० साली तिथल्या ज्येष्ठांनी त्याचं म्हणणं जवळजवळ उडवून लावलं. नोबेल मिळालं ते २००० साली.

पुढचा टप्पा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो डोळ्यांनी दिसला. व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकिएविच यानं पार्किन्सननं मेलेल्या माणसांचे मेंदू मिळवले, आणि तुलनेसाठी इतर कारणांनी मेलेल्यांचे. मेंदूच्या खोल भागातला तुकडा घ्यायचा, अर्क काढायचा, त्यात रसायन टाकायचं. डोपामिन असेल तर गुलाबी रंग येतो. किती आहे ते मोजायला यंत्र होतं. पण यंत्रापर्यंत जायची वेळच आली नाही. निरोगी मेंदूच्या नळ्या गुलाबी झाल्या. पार्किन्सनच्या नळ्यांत रंगाची जेमतेम छटा. एवढ्या मोठ्या आजाराचं गुपित टेबलावरच्या काचेच्या नळ्यांत उघड्या डोळ्यांनी दिसावं, असं भाग्य फार थोड्यांना लाभतं. ही गोष्ट १९६० ची. नोबेलच्या यादीत हॉर्निकिएविचचं नाव नव्हतं, तेव्हा दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून नाराजी कळवली होती.

त्यानं ताबडतोब व्हिएन्नातल्याच लाइन्त्स इथल्या वृद्धाश्रमातला डॉक्टर वाल्टर बिर्कमायर याला गाठलं. डोपामिन थेट देऊन उपयोग नसतो, रक्तातून मेंदूत शिरताना ते दाराशीच अडतं. डोपा मात्र आत जातं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. जुलै १९६१ मध्ये पहिली इंजेक्शनं दिली. अंथरुणात खिळलेली माणसं उठून बसली, उभी राहिली, चालली. काही तासांत पुन्हा आडवी झाली.

इथेच गोष्ट संपायला हवी होती ना? नाही संपली. इतरांनी करून पाहिलं तर कुणाला गुण आला, कुणाला आला नाही. उलट्या मात्र बहुतेकांना. मात्रा वाढवावी तर गुगेनहाइमची गत, कमी करावी तर काहीच होत नाही. सहा वर्षं डोपा हे हो-नाहीच्या सीमेवर लटकत राहिलं. बऱ्याच मोठमोठ्या लोकांनी 'यात काही दम नाही' म्हणून हात झटकले.

मग आला जॉर्ज कोत्झियास. मूळचा ग्रीक, न्यू यॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत काम करणारा. याचा तर्क चक्क चुकीचा होता. त्याला वाटत होतं की पट्ट्याचा काळा रंग गेला म्हणून आजार होतो, तेव्हा रंगद्रव्य भरून काढावं, आणि त्यासाठी डोपा द्यावं. तर्क चुकला तरी पद्धत अचूक होती. अगदी बारीक मात्रेपासून सुरुवात. दिवसातून अनेकदा. उलटी झाली की थांबायचं, चार दिवसांनी पुन्हा किंचित वाढवायचं. आठवडेच्या आठवडे रुग्णांना दवाखान्यात ठेवून तो हे करत राहिला. १९६७ मध्ये त्यानं सोळा रुग्णांची हकिकत छापली. दिवसाला तीन ते सोळा ग्रॅम इतकी मात्रा त्यानं पचवून दाखवली होती आणि निम्म्या लोकांत फरक ठळक होता. शरीराला सवय लावत, वेळ देत, चढत गेलं तर उलट्यांचा अडसर ओलांडता येतो, हे त्याचं योगदान. द्रव्य तेच, जे १९१३ पासून कपाटात होतं. पुढे त्यात कार्बिडोपाची जोड आली. हे औषध डोपाला मेंदूबाहेर फुटू देत नाही, त्यामुळे उलट्या कमी आणि ग्रॅमच्या जागी मिलिग्रॅमनं काम भागतं. अण्णांच्या गोळीत हीच दोन औषधं आहेत.

म्हणून मला 'आपल्याकडे होतंच की' या वाक्याचा त्रास होतो. होतं, पण कुणाला, केव्हा, किती आणि किती वेळानं पुन्हा, हे आपल्याकडे नव्हतं. बाझेललाही नव्हतं, व्हिएन्नातही नव्हतं. ते मिळवायला ससे लागले, मेलेल्यांचे मेंदू लागले, आणि उलट्या करत करत टिकून राहिलेले सोळा रुग्ण लागले. त्या सोळा जणांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

आणि हे 'किती-केव्हा' एकदाच शोधून संपत नाही. पार्किन्सनच्या प्रत्येक घरात ते नव्यानं शोधावं लागतं. लेव्होडोपा, म्हणजे गोळीतलं एल-डोपा, रक्तात टिकतं जेमतेम तास-दीड तास. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतल्या उरलेल्या पेशी ते साठवून पुरवून वापरतात, तेव्हा दिवसाला तीन गोळ्या पुरतात. पुढे साठवणच उरत नाही, मग माणूस गोळीच्या तालावर वर-खाली होऊ लागतो. अण्णांची पहिली गोळी सकाळी सव्वासातला. पावणेआठला ते दाढी करू शकतात, पेपर उलटू शकतात, माझ्याशी वाद घालू शकतात. साडेदहाच्या सुमारास आवाज खाली जातो, पाऊल जड होतं. डॉक्टरांच्या भाषेत 'ऑन' आणि 'ऑफ'. आमच्या घरात 'चढली' आणि 'उतरली'. मात्रा जास्त झाली तर मान आणि खांदे आपोआप डोलू लागतात. शेजारच्या काकूंना ते बघून वाटतं आज अण्णांची तब्येत झकास आहे.

त्यात जेवणाची भानगड. लेव्होडोपा हे अमिनो आम्लाच्या कुळातलं, म्हणून आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला त्याला प्रथिनांतल्या अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. भरपेट वरण, उसळ, दही खाऊन लगेच गोळी घेतली की ती वाया गेल्यातच जमा. आमच्या घरात मूग-मटकीची उसळ रात्रीकडे ढकलली गेली ती यामुळे. अण्णांना सकाळच्या न्याहारीला उसळ-पाव लागायचा. ते दुःख त्यांना आजाराहून मोठं वाटतं असा माझा संशय आहे.

अण्णांनी यावर स्वतःचं खातं उघडलं. लांबट वही, मोजणीखात्यात वापरत तशी. आडव्या ओळी, चार रकाने: घेतली, चढली, उतरली, शेरा. शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा असतो. 'पायास जमीन लागली.' 'खुर्चीतून उठणे झाले नाही, त्याच बातम्या दोनदा ऐकल्या.' 'पाहुण्यांमुळे गोळीस ४० मि. उशीर. पाहुणे चांगले होते.' पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं, ओळीच्या शेवटाकडे तर मुंगीएवढं. या अक्षरापायी एका बँकेनं अण्णांची सही जुळत नाही म्हणून त्यांचाच धनादेश परत केला होता, आणि खिडकीवरच्या मुलाला अण्णा समजावत होते ते त्याला ऐकू जात नव्हतं, कारण आवाजही बारीक झालेला.

मागच्या तपासणीला मी ती वही डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. त्यांनी वेळा वाचल्याच नाहीत आधी. पान हातभर लांब धरलं आणि नुसतं बघत राहिल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा, अकराच्या आणि चारच्या नोंदी." त्या दोन्ही वेळांची अक्षरं इतरांच्या निम्मी होती. रोज. आकड्यांत जे लपलं होतं ते अक्षराच्या आकारात ढळढळीत दिसत होतं. गोळीची एकूण मात्रा त्यांनी जवळपास तेवढीच ठेवली, पण तीनाच्या पाच वेळा केल्या, दोनदा अर्धी अर्धी. तेव्हापासून चारचा चहा अण्णा स्वतःच्या हातानं पितात. कप अर्धाच भरायचा, एवढी एक अट.

गोळीनं सगळं सुटत नाही. दाराच्या चौकटीत पाय जमिनीला चिकटतात ते चिकटतातच. त्यावर उपाय स्वस्तातला निघाला. न्हाणीघराच्या दारात फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. आपसूक होणारं चालणं मेंदूच्या ज्या भागातून चालतं तो भाग आजारानं दुबळा होतो. पण समोर खूण असेल, ताल असेल, तर दुसऱ्या वाटेनं हुकूम सुटतो. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन असलेल्यांना नृत्य शिकवायला घेतलं ते याच जोरावर. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांनी २००१ मध्ये सुरू केलेली संस्था आहे, पुण्यात पार्किन्सन मित्रमंडळ आहे. अशा ठिकाणी जे कळतं ते दवाखान्यातल्या दहा मिनिटांत कळत नाही: शर्टाला बटणांऐवजी वेल्क्रो लावावं, सॅटिनच्या चादरीवर कूस पालटणं सोपं जातं, वगैरे.

आता फळीवरच्या पिशवीकडे. कवचबीजावर अभ्यास झालेच नाहीत असं कुणी समजू नये. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ सालीच पार्किन्सनमधला कवचबीजाचा अनुभव छापला होता. १९९५ मध्ये साठ रुग्णांवरचा अभ्यास आला. फायदा दिसला, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. २००४ मध्ये लंडनला आठ रुग्णांवर नीट तुलना केली, कोणती पुडी कशाची हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही. तीस ग्रॅम कवचबीज पस्तीसेक मिनिटांत चढलं, नेहमीच्या गोळीला जवळपास दुप्पट वेळ लागला, आणि परिणामही अधिक वेळ टिकला. दीर हे ऐकून खूश झाले. पण त्या तीस ग्रॅममध्ये एक ग्रॅम लेव्होडोपा होतं, म्हणजे समोरच्या गोळीच्या पाचपट. शिवाय तो एकेका मात्रेचा हिशोब. बोलिव्हियात, जिथे गरिबांना गोळी परवडत नाही, तिथे इटलीच्या संशोधकांनी भाजलेल्या बियांची पूड देऊन पाहिली. २०१७ मधल्या अठरा रुग्णांच्या अभ्यासात एकेका मात्रेला ती उत्तम ठरली. मग काही आठवडे रोज दिली तेव्हा निम्म्या लोकांनी मध्येच सोडली, कुणाला पोट सोसेना, कुणाच्या हालचाली आणखी बिघडल्या. आपल्याकडे गोळी काही रुपयांना मिळते, तेव्हा बोलिव्हियाची निकड आपल्याला नाही. आणि चालू गोळी एकदम बंद करणं तर जिवाशी खेळ आहे. ताप चढतो, अंग लाकडासारखं ताठतं, माणूस अतिदक्षता विभागात पोचतो. एवढं ऐकल्यावर दीर म्हणाले, "मग मी खाऊ का ते?" खा म्हटलं.

"पण वहिनी, आमच्या गावात एकाला गुण आला, मी डोळ्यांनी पाहिलंय." यावर काय बोलावं? कारण गुण खरोखरच येऊ शकतो. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या संशोधकांनी २००१ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं आणि मेंदूचं चित्रण केलं. आता औषध मिळणार या नुसत्या आशेनं त्यांच्या मेंदूत डोपामिन स्रवलं होतं. खरंखुरं, मोजता येणारं. पार्किन्सन हा आशेलाही दाद देणारा आजार आहे, आणि म्हणूनच त्याच्या औषधाची परीक्षा घेणं महाकठीण. त्याच वर्षी अमेरिकेत चाळीस रुग्णांवरच्या शस्त्रक्रियेचा अभ्यास छापून आला. निम्म्यांच्या मेंदूत गर्भातल्या पेशी रोवल्या. उरलेल्या निम्म्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडली आणि बंद केली. रुग्णांची संमती होती, पण आपण कोणत्या गटात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षभरानं विचारलं तर आपल्याला पेशी मिळाल्या असं ज्यांना वाटत होतं त्यांचं आयुष्य जास्त बरं चाललेलं होतं, मिळालेल्या असोत वा नसोत. साठीच्या आतल्या काहींना हालचालीत खरा फायदा झाला, पण त्यांतल्याच काहींना पुढे न थांबणारे हेलकावे सुरू झाले. कवटीला भोक पाडून घ्यायला तयार झालेल्या त्या माणसांपुढे मी मनातल्या मनात हात जोडते. अण्णा म्हणतात, मी नसतो झालो तयार.

पेशी रोवण्याचं काम थांबलेलं नाही. २०२५ मध्ये क्योतोच्या संशोधकांनी सात रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या डोपामिनच्या पेशी बसवून दोन वर्षांचा निकाल मांडला, अमेरिका-कॅनडातला बारा रुग्णांचा निकालही त्याच सुमारास आला. पेशी तगल्या, गाठी झाल्या नाहीत. इतक्या थोड्या माणसांवरून गुणाबद्दल बोलणं घाईचं, हे खुद्द ते लोकच सांगतात. आजाराचा वेग रोखणारं सिद्ध औषध अजून नाही. १९९७ मध्ये अल्फा-सिन्युक्लिन या, पार्किन्सनमध्ये मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या प्रथिनाचा धागा हाती लागला, त्यावरचे काही प्रयोग फसलेही.

आणि आपल्याकडे मात्र फोन येतो. नंबर कुठून मिळाला ठाऊक नाही, पण एका दुपारी गोड आवाजातली मुलगी अण्णांनाच म्हणाली, काका, स्टेम सेलचं पॅकेज आहे, तीन सिटिंग, हप्त्यानंही भरता येतील. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पार्किन्सनसाठी असं पैसे घेऊन काही करायला मुभाच नाही, जे करायचं ते मान्यताप्राप्त प्रयोगात आणि रुग्णाकडून छदामही न घेता. मी फोन घ्यायला पुढे झाले, अण्णांनी हातानं थांबवलं. गोळी चढलेली होती, आवाज लागत होता.

"आजवर किती जणांना दिलंत?"

"भरपूर, काका."

"भरपूर म्हणजे किती? आणि त्यांतल्या किती जणांना नुसतं पाणी दिलंत?"

पलीकडे क्षणभर काही नाही. मग ती जरा दुखावल्या आवाजात म्हणाली, "पाणी कशाला देऊ काका आम्ही, तीन लाख घेतो!"